गाडीतून उतरायचं नाही

१४ जानेवारी, मंगळवार

पहिल्याच दिवशी फजिती! तास सुरू झाला आणि माझा कॅमेरा छताकडे. सगळा वर्ग माझ्या स्वयंपाकघराचं ओल आलेलं छत बघत बसला. शेवटी प्रोफेसर नूर्डाल म्हणाल्या, "डार्ला, छत छान आहे. पण आम्हाला तुम्हाला बघायचंय." पोरं हसली. मीही हसले. पन्नाशीची बाई दुसरं काय करणार?

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. दोन वर्षांचं नर्सिंग करून पंचवीस वर्षं इथल्याच हॉस्पिटलात काढली. मध्ये एकदा मनात आलं होतं पुढची पदवी करावी, तर सांगितलं गेलं — पहिल्यापासून सुरुवात करा! शिकलेलं पुन्हा शिका! म्हटलं, गेली उडत तुमची पदवी. आता गावचं कॉलेज आणि डुलुथची युनिव्हर्सिटी यांचा करार झालाय. जुने विषय जमेस धरतात, उरलेले घरी बसून ऑगस्टपर्यंत करायचे.

पण खरं कारण साइमा. साइमा लाहती, आमच्या जिल्ह्याची घरोघर फिरणारी नर्स. नोव्हेंबरात बर्फावरून घसरली, खुबा मोडला. तिची जागा रिकामीच आहे. ती जागा पदवीशिवाय मिळत नाही, तसा कायदाच आहे. मेअखेर जिल्हा मंडळ ठरवणार. तोवर इथलं कुणी पदवीच्या टप्प्यात आलं नाही, तर जागा कायमची बंद. मग सगळं काम ऐंशी मैलांवरच्या ऑफिसातून. ते लोक फोन करून विचारतात, "बाळ कसं आहे?" उंटावरून शेळ्या हाकायच्या!

ती जागा मला हवीय. घे, लिहून टाकलं.

१८ जानेवारी, शनिवार

साइमाकडे सौना, म्हणजे तिची वाफेची खोली, तापवायला गेलो. लाकडं माझ्या नवऱ्यानं, ड्वेननं फोडली. खाणीनं घरी बसवल्यापासून हा बाबा गावभर कुणाचीही लाकडं फोडून देतो. साइमाला वरच्या फळीवर चढता येत नाही म्हणून चिडली होती. खालच्या फळीवर टॉवेल गुंडाळून बसली आणि माझ्यावर हुकूम सोडत राहिली — पाणी ओत, अजून ओत, वाफ आहे की चेष्टा?

मी म्हटलं, "ड्वेन म्हणतो, तू चाळीस वर्षं नुसती हिंडलीस."

"हिंडलेच! दार वाजवायचं. उघडलं नाही तर उद्या परत वाजवायचं. आहे काय त्यात?"

"मग पदवी कशाला लागते?"

"अगं पोरी, नुसती दारंच वाजवत बसले असते, तर कुठल्या आळीत काय वाढतंय ते कोण मोजणार होतं? दोन्ही लागतं. शहाणपणा करू नकोस. संख्याशास्त्राचा अभ्यास कर."

हिला कसं कळलं मी संख्याशास्त्र टाळतेय ते!

४ फेब्रुवारी, मंगळवार

संख्याशास्त्राची चाचणी. पालथ्या घड्यावर पाणी.

ड्वेननं रात्रीचं जेवण केलं होतं. खालून करपलेलं, वरून कच्चं. म्हणाला, "घरात एक विद्यार्थिनी, एक स्वयंपाकी. बघू आधी कोण नापास होतंय!" मी रडायच्या बेतात होते, फस्सकन हसले. मग थोडं रडलेही. त्यानं ताट बाजूला सारलं आणि माझे पाय मांडीवर घेऊन चोळत बसला. वॉर्डात उभी राहून राहून पाय सुजलेत. पंचवीस वर्षांत 'तुझे पाय दुखतात का' असं त्यानं एकदाही विचारलेलं नाही. नुसते चोळतो.

५ फेब्रुवारी

संख्याशास्त्राला देवाज्ञा होवो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

या आठवड्याचा गृहपाठ ऐकून ड्वेन खो खो हसला. आपल्याच गावातून गाडीनं हळूहळू फिरायचं आणि काचेतून काय दिसतं ते टिपायचं. दुकानं कुठली उघडी, फुटपाथ आहेत का, म्हातारी माणसं कुठं दिसतात, मुलं कुठं खेळतात. गाडीतून मात्र उतरायचं नाही! प्रोफेसरांनी तीनतीनदा बजावलंय. लोक म्हणजे काही जत्रेतला खेळ नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही.

"जन्म गेला इथं, आता गाव बघायला चाललीस?" ड्वेन म्हणाला. काखेत कळसा गावाला वळसा! पण चालवली त्यानं गाडी, मयताच्या मागून चालल्यासारखी.

आणि खरं सांगू? मी गाव बघितलेलंच नव्हतं. औषधांचं दुकान बंद झालंय, ते माहीत होतं. पण त्यामुळं खालच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना आता हमरस्ता ओलांडून जावं लागतं आणि तिथं बर्फ कुणीच काढत नाही, हे आज दिसलं. तिथंच साइमा पडली होती.

मग चौथ्या गल्लीतलं ते हिरवं घर. भरदुपारी पडदे ओढलेले. पायरीवर बाळाच्या लंगोटांचा खोका, त्यावर वीतभर बर्फ. दारापर्यंत पावलांची एकही खूण नाही. अंगणात गाडी उभी, म्हणजे माणूस घरात आहे.

"थांब," मी म्हटलं.

ड्वेननं गाडी थांबवली. त्यानंही त्या पडद्यांकडे बघितलं. मग तोच हळूच म्हणाला, "कोडीच्या वेळचं आपलं घर."

होय. कोडी झाला त्या हिवाळ्यात मी पडदे उघडत नव्हते. बाळाला दूध द्यायचे, स्वच्छ ठेवायचे, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी स्वतः नर्स! ड्वेन खाणीत दुहेरी पाळ्या करायचा, त्याला वाटायचं थकलीय. साइमा आली, मी दार उघडलं नाही. ती बाहेरूनच हवापाण्याच्या गप्पा मारून गेली. पायरीवर एक निळं भांडं ठेवून गेली, गरम हॉटडिश भरलेलं, आमच्याकडचं ते भट्टीत भाजलेलं एकाच भांड्यातलं जेवण. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं. बस, एवढंच. ती नसती तर पुढचं मला लिहायचंही नाही.

नियम पाळला. उतरले नाही. घरी येऊन टिपणं लिहायला बसले आणि एक ओळ सुचेना.

२३ फेब्रुवारी, रविवार

नियम मोडला.

खिम्याचं हॉटडिश केलं, वर बटाट्याचे गोळे खरपूस भाजले. झाकणाचं भांडं एकच, तेच निळं. साइमानं ते कधी परत मागितलंच नाही. मी द्यायला गेले की म्हणायची, "असू दे, माझ्याकडे ढीग आहेत."

दार वाजवलं. आत बाळ रडत होतं. मग एक बारीकसा आवाज त्याला गाऊन गप्प करायला लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दार काही उघडलं नाही.

मी दाराशीच बोलले. काय बोलले? "मी चर्चची नाही. काही विकायलाही आले नाही. जेवण आहे. माझाही मुलगा हिवाळ्यातच झाला होता. मला तो आवडायला वसंत उजाडावा लागला. आता बावीस वर्षांचा आहे आणि फोनही करत नाही मेला!" एवढं बोलून खोक्यावरचा बर्फ झाडला, भांडं ठेवलं, निघाले. नाव सांगायचंच राहिलं!

संध्याकाळी ऐंशी मैलांवरच्या ऑफिसात निरोप ठेवला. सोमवारी फोन करतील म्हणे. फोन!

२६ फेब्रुवारी, बुधवार

पायरीवर भांडं नाही. खोकाही नाही. आत घेतलं!

"किंवा कुत्र्यानं नेलं," मी म्हटलं.

"कुत्रं झाकणासकट नेत नाही," ड्वेन.

४ मार्च, मंगळवार

गृहपाठात सगळं खरं लिहिलं होतं, गाडीतून उतरले तेही. मार्क कापले! तासानंतर प्रोफेसरांनी मला एकटीला थांबवलं. मी मान खाली घालून बसले, पन्नाशीची शाळकरी पोर.

"डार्ला, नियम तो नियम. मार्क गेले, ते परत मिळणार नाहीत." मग चष्मा काढला त्यांनी. "आता सांगा, ती मुलगी कशी आहे?"

११ मार्च, मंगळवार

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! युनिव्हर्सिटीचं पत्र. सूक्ष्मजीवशास्त्र जमेस धरता येत नाही — फार जुनं झालं. जंतू बदलले का तेवढ्यात? वॉर्डात रोज त्यांच्याशीच तर मारामारी करते! पण नाही. पुन्हा शिकायचं, डुलुथला जाऊन, प्रयोगशाळेसकट, शरद सत्रात. म्हणजे पदवी पुढच्या वर्षावर. मंडळ मेमध्ये बसणार. संपलंच.

ड्वेनला सांगितलं. त्यानं हातोडा उचलला. तळघरात जाऊन कितीतरी वेळ काहीतरी ठोकत बसला.

१५ मार्च, शनिवार

सोडते म्हणून सांगायला साइमाकडे गेले. तर बाईसाहेब फोनवर! मला बघितलं आणि हातानंच बाहेर हाकललं, वर दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर! बाहेर थंडीत उभी राहिले. आतून तिचं हळू हळू बोलणं, मध्येच हसणं.

"कोण होतं?"

"रॉंग नंबर."

"रॉंग नंबरशी अर्धा तास?"

"एकटी बाई मी, मिळेल त्याच्याशी बोलते. तुझं काय ते बोल."

सांगितलं. साइमा रागावेल असं वाटलं होतं. तिनं माझा हात हातात घेतला. म्हणाली, "पोरी, थकली असशील तर सोड. थकल्याची लाज नसते. पण त्या नूर्डालबाईला एकदा विचार. न विचारता सोडलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही." तिचा हात किती हलका झालाय! या बाईवर माझा फार जीव आहे, हे तिला एकदा सांगायला हवं. आजही नाही सांगितलं.

२० मार्च, गुरुवार

विचारलं!

प्रोफेसर नूर्डालनी आधी ते पत्र वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "हा करार लिहिणाऱ्यांत मी होते. मुलं कॉलेजातून युनिव्हर्सिटीत पुलावरून जावं तशी सरळ जावीत म्हणून लिहिला. तुमच्यासारखी पंचवीस वर्षं नर्स असलेली बाई येईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुलाची एक फळी बसवायची राहिली." आज त्यांचा फोन आला. विषय पुन्हा करायचा नाही, त्याची परीक्षा द्यायची. एप्रिलमध्ये. आणि ही सवलत माझ्या एकटीला नाही, माझ्यामागून येणाऱ्या सगळ्या जुन्या नर्सांना.

पास झाले आणि उरलेले दोन विषय उन्हाळ्यात केले, तर ऑगस्टमध्ये पदवी!

६ एप्रिल, रविवार

ड्वेन जंतूंची नावं विचारतो. एकही धड उच्चारता येत नाही त्याला. शेवटी त्यानं सगळ्यांना खाणीतल्या मुकादमांची नावं दिली. "सांग, घशात कोण बसतो?" "लार्स." "आणि जखमेत?" "मोठा पीट." परीक्षेत तेच लिहून येईन एखाद वेळी!

चौथ्या गल्लीतल्या घराचा एक पडदा आज उघडा होता. गाडीतूनच बघितलं. उतरले नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

पास! लार्सची आणि मोठ्या पीटची कृपा.

२७ मे, मंगळवार

मंडळाची बैठक. एक सभासद म्हणाले, "फोनवर काम होतंय की. घरी जायची गरज कुणाला आहे?" साइमा चालायच्या चौकटीवर रेलून उठली. मला वाटलं, आता भाषण ठोकणार. तिनं एवढंच विचारलं, "फोनवर दार कसं वाजवता हो तुम्ही?"

मागच्या रांगेत एक पोरगी बाळ घेऊन बसली होती, ओळखीची नव्हती. ती एकटीच हसली. मग बाळही ओरडलं आणि सगळे हसले.

ठरलं! जागा ऑगस्टअखेरपर्यंत ठेवणार. माझ्यासाठी. ड्वेननं बाहेर येऊन सगळ्यांच्या समोर माझा मुका घेतला. काय म्हणावं या माणसाला!

१ जून, रविवार

सकाळी दार वाजलं. बैठकीतली तीच पोरगी, कडेवर बाळ, हातात निळं भांडं. "मी टेस्सा. हिरव्या घरातली." भांड्याच्या तळाला साइमाचं नाव आणि फोन नंबर नेलपॉलिशनं लिहिलेला आहे, हे मी विसरूनच गेले होते. पोरीनं तो फोन फिरवला होता, आणि मग रोज फिरवत राहिली. कुणाला सांगू नका म्हणाली, म्हणून साइमानं मलासुद्धा सांगितलं नाही.

भांडं तिनं लख्ख घासलंय. त्याच्या कानाखालची काजळी माझ्याच्यानं बावीस वर्षांत निघाली नव्हती. तिथं खिळ्यानं कोरलेलं एक नाव आहे — एल्मा. "साइमाच्या आधीच्या नर्स," टेस्सा म्हणाली. "सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात त्यांनी हे साइमाच्या पायरीवर ठेवलं होतं. तेव्हा साइमाही दार उघडत नव्हती म्हणे."

साइमा! माझी साइमा!

मी भांडं घेतलं नाही. म्हटलं, राहू दे तुझ्याकडे. झाकण तेवढं जपून उचल, त्याची कडी सैल आहे.