नदीत ओतलेल्या बाटल्या

३ जून
पोर्ट मोर्स्बीजवळच्या किनाऱ्यावरच्या माझ्या शाळेत पोरं एका सुरात कविता म्हणू लागली की समुद्रालाच कंठ फुटल्यासारखं वाटे. आज डोंगरातल्या या दरीत उतरताना तोच सूर कानात घुमत होता. माझी जुनी विद्यार्थिनी निमे इथल्या दवाखान्यात परिचारिका आहे. म्हणाली, “गुरुजी, घरी बसून गंजाल, या मदतीला.” नदीत सोनं धुणाऱ्यांच्या अंगात पारा, शिसं किती भिनलंय ते तपासायचंय. पहाटेची पहिली लघवी प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायची, टिकावी म्हणून आम्लाचे थेंब टाकायचे आणि रॉकेलवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवायची. गावचा म्होरक्या काउपा राखेत भाजलेली रताळी घेऊन आला. “काय गुरुजी, जन्मभर पोरांना मुतायला सुट्टी दिलीत, आता साठवून ठेवताय होय?” पोट धरून हसलो.

५ जून
इथे माणसं थुंकीसुद्धा मातीत पुरतात. अंगातलं काही परक्याच्या हाती लागलं की जीव त्याच्या मुठीत. निमेनं आधी स्वतःची बाटली भरून दाखवली, तेव्हा कुठे बाकीच्यांनी दिल्या. धुक्यातून एकेक जण बाटली पोटाशी धरून येतो, पहिल्या दिवशी शाळेत येणाऱ्या पोरासारखा.

९ जून
काउपाचा भाऊ गेला. पोटात आग पडली म्हणत गेला. काउपानं फ्रिजवर कुऱ्हाड आपटली. मी त्यांचे जीव थंडीत कोंडून वर आम्ल ओततोय, म्हणाला. उद्यापर्यंत सोडले नाहीत तर माझं डोकं फोडील.

१० जून
निमे वरच्या वस्तीत गेली होती. तिला न विचारताच सगळ्या बाटल्या नदीत रिकाम्या केल्या. आमच्याकडे किनाऱ्यावर अंगातलं असं काही समुद्रात टाकलं की माणूस सुटतो. खारं पाणी सगळी बाधा धुतं. मोकळं वाटलं. निमे परतली, ऐकलं, रिकाम्या बाटल्या मोजत म्हणाली: इथे नदीला फक्त मेलेल्यांचं देतात. जिवंताचं दिलं की नदी माणूस न्यायला येते.
माझीच बाटली तेवढी भरायची राहिलीय. मी दिलीच नव्हती.

११ जून
काउपाची बायको अंथरुणात बुडून मेली. कोरड्या झोपडीत. तोंडात गाळ. शेजारचे दोघेही तसेच.
निमे त्यांना समजवायला गेली. बाटल्या मी ओतल्या, हे तिनं सांगितलंच नाही. काउपानं तिचा हात मनगटापासून तोडला, मग मान. नदीत फेकलं. मी खिडकीतून पाहिलं आणि दाराला कडी घातली—

१२ जून, दुपार
कुऱ्हाडी दारावर. वरची फळी फुटली. काउपाचा डोळा दिसतोय. शिव्या—
थांबल्या. कुणी तरी घुसमटतंय, घशात पाणी अडकल्यासारखं. काउपाच आहे.
आता कुणीच नाही.
उंबऱ्याखालून पाणी येतंय. गढूळ.
टकटक. हलकी. दवाखान्यात करायची तशी.
निमेचा आवाज. “गुरुजी, उघडा ना. सगळ्यांच्या झाल्या, तुमचीच बाटली—”
फटीतून एक हात आत आलाय. दुसरा मनगटापाशीच—
कडी आपोआप