तुझ्या मॅडमचा फोन आला होता

प्रिय संघरत्ना,

जय भीम. आज सकाळी मी एवढी खुशीत होते की चहात दोनदा साखर घातली आणि तसाच प्यायले. तुझ्या आईने, रोशनीने, डोळे वटारले, पण तिला वळ गावच्या गोडाऊनला कामावर जायची गाडी पकडायची होती, म्हणून वाचले. खुशी कसली, तर तू दिल्लीहून उद्या निघणार त्याची. दोन वर्षं अर्ज करून तुझ्या मशीनवर पाळी मिळाली होती, शुक्रवारपासून सहा दिवस, आणि ती सोडून तू येणार. आजीच्या छातीत दुखतंय एवढं ऐकून! एकीकडे तुझ्या प्रयोगशाळेच्या मॅडम, एकीकडे मी, आणि पोरीने मला निवडलं. शेजारच्या शांताबाईला तीनदा सांगून आले.

तुझं काम मला कळत नाही असं समजू नकोस हां. ताऱ्याच्या पोटात कार्बनवर हेलियम आदळून ऑक्सिजन कसा होतो, ते तुम्ही लांबलचक नळ्यांच्या मशीनवर करून बघता. तासन् तास मारा करायचा, आणि हाती लागणार एखाददुसरा कण. तो सुटू नये म्हणून आठ-आठ तासांच्या शिफ्ट. असं डोळा लावून बसायला कोणी शिकवलं गं तुला? मी लूमसाठी कांड्यांवर सूत भरायला जायची तेव्हा तू पाच वर्षांची, माझ्या मांडीला टेकून बसायचीस. इतक्या चात्या गरगर फिरायच्या, पण धागा तुटला की माझ्याआधी तुझं बोट पुढे. आणि पेपरात तुझा फोटो आला तेव्हा खाली नाव कोणाचं? मार्गदर्शक म्हणून मॅडमचं.

मॅडम म्हणतात, मॅडम म्हणतात. रविवारच्या फोनवर मी मोजलं, अकरा वेळा. मी म्हणायची, असू दे, बाई शिकलेली आहे, ताऱ्यांपायी तीस वर्षं घातलीत, पोरीला परदेशातल्या परिषदेला घेऊन गेली. पण मग तू सांगितलंस की तुला ताप होता, मॅडमने घरी नेऊन पेज करून घातली, आणि ती अगदी आजीच्या पेजेसारखी लागली. सारखी? अगं, मी तांदूळ कोरडे भाजते, त्याची भरड काढते, मग शिजवते. खारबावच्या माझ्या आईची रीत ती. दिल्लीच्या बाईला कुठून येणार? तेव्हाच माझ्या छातीत कळ आली बघ. म्हणजे, आली असं मी तुला सांगितलं.

आज दुपारी फोन वाजला, तर तुझ्या मॅडम. आवाज एवढा गोड की मला रागही धड येईना. 'दादीजी, अब दर्द कैसा है?' मी म्हटलं, ठीक है. तर म्हणाल्या, 'वो तो मशीन के पास से हट ही नहीं रही थी. दो दिन रोई, बोली छह दिन बाद जाऊँगी. टिकट मैंने निकाला. अपनी दादी के आखिरी टाइम मैं नहीं गई थी, एक्सपेरिमेंट चल रहा था.' घे. म्हणजे तू मला निवडलंच नव्हतंस. त्यांनी तुला पाठवलं. तिथेही त्याच पुढे.

आता खरं लिहिते, तुझ्याशी फोनवर बोलताना तोंडातून निघायचं नाही. माझ्या छातीत काही झालेलं नाही. रोशनी दोन दिवस कामावर न जाता डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली होती, मी गेले नाही, गेले असते तर पकडले गेले असते. मॅडमना मी त्याच फोनवर सांगून टाकलं, झूठ बोला मैंने. त्या हसल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तुझी जागा त्यांनी अजून कोणाला दिलेली नाही. रोशनी आली की या पानांचे फोटो तुला पाठवेल, पाठवताना वाचेल आणि माझी चांगली खरडपट्टी काढेल. तू तिकीट रद्द कर आणि शुक्रवारी शिफ्टला बस. सहा दिवसांनी काय निघालं ते मॅडमना आधी कळणार, त्या शेजारीच असतील, तेवढं मी सोसेन. पण दुसरा नंबर माझा. तिसरा चालणार नाही, सांगून ठेवते.

तुझीच, मॅडमच्या कितीतरी आधीपासूनची,
आजी