अडलेला अंतरा

अहो,

चित्रांचा क्लास रद्द झाला म्हणून कर्वेनगरहून लवकर परतले आणि किल्ली हातात धरून दाराबाहेरच थिजले. आत पेटी वाजत होती. आणि वाजवत होतात तुम्ही!

"चित्रं, कथा, पेटी. तीन दुकानं आणि गिऱ्हाईक एकही नाही." हे तुमचंच वाक्य ना? तेच मनाला लावून घेऊन पन्नाशीत एक दुकान बंद करायचं ठरवलं, पेटी विकायला काढली. तेव्हा तुम्ही पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाहीत.

आणि आज चक्क माझंच गाणं गात होतात! वर्षभर माझा अंतरा जिथे अडून बसलाय, तिथे जराही न थांबता सरळ पुढे गेलात. तो शेवट तुम्हाला सुचला कुठून? मी दिसले की तुम्ही गाणं थांबवाल, म्हणून आत आले नाही. चिठ्ठी दाराखालून सरकवून खाली हेमाकडे जाऊन बसते. वरण गरम करून जेवून घ्या.

संध्याकाळी पेटी न्यायला माणूस येईल, त्याला परत पाठवा. कारण विचारलंच तर सांगा, गिऱ्हाईक घरातच निघालं.

कादंबरी