बबडीने वाचून दाखवायचं पत्र

९ डिसेंबर

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण वर्गात उभं राहायचं म्हटलं की गप्प बसतो. त्यालाही माझा धाक आहे. तुझा खोकला कसा आहे? हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर वाफेत उभी राहून तो बरा व्हायचा नाही, हे मी किती वेळा सांगितलं. असो.

बबडीला बसमध्ये बसवून दिलं आहे. तिला तुझी फार आठवण येत होती, म्हटलं जाऊ दे थोडे दिवस आईकडे. हे पाकीट मी डिंकाने बंद केलं आहे आणि तुझ्यासमोरच फोडायचं असं तिला बजावलं आहे. वाचायचंही तिनेच. शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावू नकोस. शाळा सुरू झाल्यापासून पोर माझ्याकडे शिकते आहे, तर आईला एक पत्र वाचून दाखवायला काय हरकत आहे? तुला स्वतःला अक्षरओळख नाही, त्यामुळे मध्येच शब्द सांगून तू तिला मदत करशील ही भीती नाही.

बबडे, सावकाश वाच. पूर्णविरामाला थांब.

मी शब्द कसे शिकवते ते तुला कधी सांगितलं नव्हतं. पुठ्ठ्याची पट्टी घ्यायची, तिच्यावर ठळक अक्षरात एक नवा शब्द लिहायचा आणि सकाळी ती पोराच्या छातीवर टाचणीने लावायची. दिवसभर जो भेटेल त्याला पोराने तो शब्द वाचून दाखवायचा, अर्थ सांगायचा, वाक्यात वापरून दाखवायचा. संध्याकाळपर्यंत जमलं तर पट्टी निघाली. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी तीच. ‘आळशी’ हा शब्द एका पोराने पंधरवडाभर मिरवला होता. शिक्षकांच्या खोलीत त्यावर अजून हसतात. हसेनात का, माझ्या वर्गातून निघालेलं पोर दिसेल तो कागद वाचतं.

तुझी लेक आली तेव्हा मला वाटलं, आपल्या घरात आणखी एक तरी निघाली. पहिल्या महिन्यातच पुस्तक उघडून धडाधड वाचायला लागली. बोट ओळीवरून बरोबर फिरतंय, आवाजात चढउतार, प्रश्नचिन्ह आलं की मान वर. मी तिला वर्गासमोर उभी करून इतरांना म्हणायची, ही बघा आणि तुम्ही बघा. खरं सांगते, मला अभिमान वाटायचा. मला मूलबाळ नाही. तिच्या वाचण्यात मला माझा आवाज ऐकू यायचा.

मग वरच्या कचेरीतून तपासणीला एक बाई आल्या. मी अर्थातच बबडीला पुढे केलं. त्यांनी पुस्तक नको म्हणून सांगितलं, पर्समध्ये हात घातला आणि सर्दीच्या गोळ्यांबरोबर येतो तो घडीचा कागद तिच्या हातात दिला. म्हणाल्या, हे वाच. तुझ्या लेकीने कागद उलगडला, बोट ठेवलं आणि सातवा धडा म्हणायला सुरुवात केली. नदीला पूर येतो, पूल वाहून जातो आणि गावकरी नवीन पूल बांधतात, तो धडा. सबंध म्हणाली. बाईंनी मध्ये अडवलं नाही, शेवटपर्यंत म्हणू दिलं. मग विचारलं, “या गोळ्या घेतल्या की पूल वाहून जातो का गं?”

सगळे हसले. मुख्याध्यापक हसले. मीसुद्धा हसले, दुसरं काय करणार? सगळं पुस्तक तिने दुसऱ्यांचं ऐकून तोंडपाठ केलं होतं. चित्र बघून धडा ओळखायची. एक अक्षर येत नव्हतं. माझ्या घरात राहून, माझं अन्न खाऊन माझ्या डोळ्यांत धूळ फेकली.

त्यानंतर मी काय केलं ते ती तुला सांगेलच, म्हणून मीच सांगते. थोडी शिस्त लावली, एवढंच. पहिलीच्या वर्गात बसवलं. बाकात गुडघे मावत नव्हते, ते हळूहळू मावले. आणि एक पट्टी लावली.

छातीवर नाही. छातीवरची तिने कोणाला तरी विचारून पाठ केली असती. मी ती पाठीवर लावली. बबडे, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस, आईला ऐकू गेलं पाहिजे. पट्टीवर लिहिलं होतं, ‘मला वाचता येत नाही. मी नाटक करते.’ पहिलीची पोरं तिच्यामागे रांग लावून ते वाक्य एकेक अक्षर जुळवत वाचायची. एकही जोडाक्षर नव्हतं त्यात, त्यांना जमेल असंच मी लिहिलं होतं. त्या वर्गाला इतका चांगला सराव कधी झाला नव्हता. वाण्याकडे साखर आणायला पाठवलं तर तिथेही पट्टी घेऊन गेली आणि वाण्याने गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवलं, असं मागून कळलं.

घरी आली की फ्रॉक काढून नीट घडी घालून ठेवायची आणि सकाळी तोच घालायची, पट्टीसकट. यावरून काय ते तूच समज. वाचता आलं असतं तर पट्टी काढून फेकली नसती का?

तेव्हापासून तोंडच उघडत नाही. पुस्तक पुढ्यात ठेवलं की नुसती बघत बसते. वाचते की नाही ते तिचं तिलाच ठाऊक. पुढे कोणीतरी मुख्याध्यापकांचे कान भरले. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, “ती पट्टी आत्ताच्या आत्ता काढा, बाई. पुन्हा दिसली तर तुमच्याकडे वर्ग राहणार नाही.” हे मला ऐकवलं. त्यांची स्वतःची दोन्ही पोरं माझ्याकडे वाचायला शिकली. तेव्हा आठवण-बिठवण काही नाही, धाकटे. मला ही पोर डोळ्यांसमोर नको आहे.

आता आणखी एक. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की थोरलीची शाळा व्हावी म्हणून धाकटीने शाळा सोडली. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण तुझ्या गप्प बसण्यातून मला ते ऐकू यायचं. तर ऐक. तू काहीही सोडलं नाहीस. तुला येत नव्हतं. तुझंही पुस्तक तोंडपाठ असायचं आणि फळ्यावरचं एक अक्षर ओळखता यायचं नाही. मी तुझ्या शेजारी झोपायची, मला तेव्हाच कळलं होतं. त्यागाची एवढी मोठी गोष्ट आईने रचली आणि मी ती रचू दिली. लेक तुझ्यावर गेली आहे, माझ्या शिकवण्यात खोट नाही. बबडे, हा परिच्छेद गाळायचा नाही.

तिला परत पाठवू नकोस. तुझ्याबरोबर लाँड्रीत घे. चादरींच्या घड्या घालायला अक्षर लागत नाही.

ती न अडखळता इथपर्यंत पोचली असेल तर मी हरले. अडखळली असेल, तर मी म्हणते ते खरं. पाठ केलेलं इथे चालणार नाही, कारण हे पत्र तिने आधी पाहिलेलंच नाही.

खोकल्याला जप.

तुझ्या भल्याचंच बोलणारी,
ताई


१७ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. मी सांगते आहे आणि बबडी लिहून घेते आहे. तेव्हा अक्षर तिचं, वेडंवाकडं बोलणं माझं.

पाकीट तिने माझ्यासमोरच फोडलं. आधी बराच वेळ नुसतीच बघत होती, पानं उलटत होती. मी म्हटलं, येत नसेल तर राहू दे. तर म्हणाली, मावशीचं अक्षर लागायला वेळ लागतो. मग जी वाचत सुटली ती थांबलीच नाही. शिंपीणबाई दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, रेडिओ लावला आहे का घरात.

तपासणीच्या बाईंनी तिची पाठ थोपटली हे ऐकून मला रडूच आलं. पाहुण्यांसमोर तिने तुझी मान खाली जाऊ दिली नाही, यापरतं मला काय हवं?

आणि माझ्या शाळेचं लिहिलंस. ताई, मला वाटत होतं, तू ते कधीच विसरून गेलीस. मी शाळा सोडली नसती तर तुझ्याही पुढे गेले असते, तुझं सगळं शिक्षण माझ्यामुळे झालं, हे तू इतक्या वर्षांनी आपणहून लिहिशील असं वाटलं नव्हतं. तिथे मी तिला थांबवलं, पुन्हा वाच म्हटलं. आता रोज कामावरून आले की तेवढा तुकडा वाचायला लावते. रोज शब्दाला शब्द तोच, इकडचा तिकडे होत नाही. मलाही पाठ झाला आहे. लाँड्रीतल्या बायकांना म्हणून दाखवला, तर इस्त्री करणारी म्हातारी म्हणाली, अशी बहीण असावी.

तू म्हणतेस तशी तिला सोमवारी परत पाठवते. तुझ्याच वर्गात, तुझ्या टेबलाशेजारी बसवणार आहेस, मग मला काळजी नाही. खोकला आहे तसाच आहे.

तुझी,
धाकटी

मावशी, इथून पुढे मी लिहिते आहे. आई समोरच बसली आहे. तिला वाटतंय, तिचंच लिहायचं राहिलं आहे.

तुझं पत्र मी आधी मनात वाचलं. एकही शब्द अडला नाही. मग आईला दुसरं वाचून दाखवलं.

पाठीवरचं मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. फ्रॉक मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर लावलं. त्याआधी मला खरंच येत नव्हतं. ते आलं आणि मग बाकीचं सगळंच यायला लागलं. पट्टी काढली नाही, कारण तू दुसरी लिहिली असतीस.

आईबद्दल तू लिहिलंस ते तिला ऐकवायचं असेल तर तुला इथे यावं लागेल आणि तिच्या तोंडावर बोलावं लागेल. पत्राने होणार नाही. तिची पत्रं मी वाचते.

सोमवारी पहिल्या बसने येते. स्टँडवर घ्यायला ये. तुझं पत्र बरोबर आणते आहे. मुख्याध्यापकांना वाचता येतं.

आई विचारते आहे, एवढं काय लिहितेस. मी सांगितलं, तुझा ताईला नमस्कार लिहायचा राहिला होता, तो लिहिते.

तुझी विद्यार्थिनी