गायिका मधोमध उभी राहावी म्हणून

आदरणीय दादांना बहिणीच्या नवऱ्याचा (हे नातं अजून लागू आहे असं धरून) नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींची झोप आणि तुमच्याकडे न सांगता राहायला आलेली तुमची बहीण, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इथली खुशाली म्हणाल तर घर जागेवर आहे आणि मी घरात आहे. याहून जास्त कळवण्यासारखं काही उरलेलं नाही.

नवऱ्याने मला गाडीत मागे बसवलं, एवढंच तिने सांगितलं असेल तर लगेच मत बनवू नका. त्यामागे शास्त्र आहे. स्पीकर दारात खाली असल्यामुळे आमच्या गाडीत गायिका कायम माझ्या गुडघ्यापाशी बसून गायची. हे मला फार खुपायचं. (माणसाला आयुष्यात आणखी काय काय खुपू शकतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.) इथे स्पीकर बसवून देणारा एक दुकानदार आहे, सगळे त्याला कानसेन म्हणतात. तो म्हणाला, ‘साहेब, बाई काचेसमोर मधोमध उभी राहिली पाहिजे. डोळे मिटले की दिसली पाहिजे.’ गाडी चालवताना डोळे कसे मिटायचे ते मी विचारलं नाही. त्याने छोटे स्पीकर काचेच्या दोन्ही कडांना वर चढवले, त्यांची तोंडं माझ्याकडे केली, आणि माझ्या बाजूचा आवाज जवळून लवकर पोचतो म्हणून तो किंचित उशिरा सुटेल अशी सोय केली. आणि दादा, बाई खरंच मधोमध आली हो! मला भरून आलं. फक्त मान हलवायची नाही. मान हलली की बाई हलते. (बंपरचं जे झालं ते त्यामुळेच.)

पण तुमची बहीण शेजारी बसली की बाई सरकत माझ्या खिडकीशी यायची, कारण तिच्या स्वेटरने आणि मांडीवरच्या पिशवीने पलीकडचा आवाज अडायचा. मी आधी पिशवी मागे ठेवायला लावली. मग स्वेटर काढायला लावला. मग मध्ये बोलू नकोस म्हटलं, तेही तिने ऐकलं. शेवटी म्हटलं, तूच मागे बसलीस तर बरं. ‘बरं,’ म्हणाली आणि बसली. बसस्थानकाजवळच्या सिग्नलला मागून धप्प असा आवाज आला. मला वाटलं, काय सुरेख ड्रम आलाय! मान वळवायची नसल्यामुळे घरापर्यंत मी तिला त्या ड्रमबद्दलच सांगत आलो. दारात गाडी थांबवून ‘उतर’ म्हटलं, तेव्हा मागे तिची छत्री तेवढी होती.

आता सगळ्या सीटा रिकाम्या आहेत. कानसेन बसून ऐकून गेला, म्हणाला, याहून चांगलं होणंच शक्य नाही. मला रडू आलं. त्याला वाटलं, गाणं काळजाला लागलं.

वहिनींना नमस्कार. तुमच्या बहिणीला काय सांगायचं ते सुचत नाही.

तुमचा,
(काय लिहू ते तुम्हीच ठरवा)

ता. क. तिला पोचवायला तुम्ही स्वतः आलात तर उत्तम. मागच्या सीटवर मधोमध तुमच्यासारखा भरदार माणूस असला की आवाज घुमत नाही, असं कानसेन म्हणतो.

पुन्हा ता. क. वरचं वाचलंच नाही असं समजा. दोन्ही सीटांवर सारखं ऐकू येईल असं करता येईल का, म्हणून कानसेनला विचारलं. म्हणाला, येईल, पण दोघांनाही थोडं थोडं वाईट ऐकू येईल. तेच करून दे म्हटलं, तर त्याला अपमान वाटला. मग मीच बटण फिरवून सगळा आवाज तिच्या दाराकडे नेलाय. फार वाईट वाजतं. पण कामावर जाताना शेजारून कुणाचा तरी आवाज येतो. ती माझा फोन घेत नाही, म्हणून रविवारी तुम्हाला करीन. तो तिच्या हातात द्या. ती काही बोलली नाही तरी चालेल.