नाइटवाल्याचा सूर्य

४ मार्च
नाइट शिफ्ट करून प्लांटवरून आलो. आंघोळ, गच्चीवर सूर्याला अर्घ्य, चहा, पडलो. झोप शून्य. खाली भाजीवाल्याच्या भोंग्यावर कांदे-बटाटे. अंग मेलेलं, डोकं चालूच. बायकोनं, वैशालीनं, बेलची वायर काढून ठेवली. बिचारी स्वतःच्या घरात चोरपावलांनी फिरते आणि मला तिचाच राग येतो.

६ मार्च
भयंकर. काल ड्यूटीवर बॉयलरचं पाणी उतरत होतं, अलार्म वाजत होता, मी कंट्रोल पॅनलसमोर ढिम्म. डोळे उघडे होते, म्हणे. शेजारच्या पॅनलवरचा वानखेडे धावला म्हणून निभावलं.
"काहून गा, तुले ऐकू येऊन नाही राहिलं का?"
पाणी संपलं असतं तर बॉयलर फुटला असता, आणि खाली माणसं कामावर होती. 

८ मार्च
धंतोलीत डॉक्टरांकडे. ते म्हणाले, जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठतं, तेच झोपेकडे ढकलतं. चहा त्याची जागा अडवून बसतो. अंधारात झोप आणणारं मेलाटोनिन पाझरतं, डोळ्यांवर उजेड पडला की थांबतं.
"ड्यूटी सुटल्यावर काय करता?"
मी ऐटीत सांगितलं, तांब्याच्या धारेतून सूर्य बघतो, वडिलांपासूनची रीत आहे. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
म्हणजे झोपायच्या आधी रोज मीच मेंदूला सांगत होतो, ऊठ, दिवस झाला. हसू की रडू?

९ मार्च
काळा गॉगल लावून कॉलनीत शिरलो. पोरं हसली. चहा बंद, अर्घ्य बंद. वैशाली म्हणाली, "अहो, तुमच्या वाटचं पाणी मी देते. तुम्ही निजा."
निजलो कुठे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीनं जरा डोळा लागला, मग पुन्हा टक्क जागा. शरीराचं घड्याळ हळूहळू फिरतं म्हणाले डॉक्टर. फिरेल. तोवर पॅनलचं काय? भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

११ मार्च
शिफ्ट इन्चार्जना फोन केला. अलार्मचंही सांगून टाकलं. "साहेब, मले पॅनलवर नका बसवू."
ते म्हणाले, "वानखेडे सुट्टीवर हाय गा. माणूस नाही माह्याजवळ. आजची नाइट काढ."
म्हणजे आज शेजारी तोही नाही.
कॉलनीच्या गेटवर बस हॉर्न देते आहे. वैशाली डबा धरून दारात, आणि म्हणते आहे, "नका जाऊ." माझ्या एकाच पायात बूट.
नाही गेलो तर पॅनलवर कुणीच नाही. गेलो तर मी आहे.