लहान जातीचा प्राणी

३ फेब्रुवारी, बावडा

आजवर झालं ते असं:
१. हिंदुरावांची विहीर खोल करताना काळ्या खडकाखाली मातीचा थर लागला.
२. त्यात एक जबडा आणि मांडीचं हाड सापडलं.
३. वर्गीकरणासाठी आमचे विभागप्रमुख श्रीपाद सर यांनी मला पाठवलं.

खोली उसाच्या फडाला लागून आहे, भरपूर उजेडाची. हिंदुरावांच्या पत्नी मुक्ताकाकूंनी गरम हुरडा दिला. पेटीतलं हाड बघून हिंदुराव म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा सरड्यासाठी पुण्यासनं आलाय व्हय तुमी?" मलाही हसू आलं.

५ फेब्रुवारी

दात पानाच्या आकाराचे, माथे घासून सपाट झालेले. म्हणजे वनस्पती खाणारा डायनासोर. मांडीचं हाड वीतभर, प्राणी शेळीएवढा. नोंद केली: पूर्ण वाढलेला, लहान जातीचा. बहुधा नवी जात. तसं ठरलं तर माझ्या नावावरचं पहिलं काम.

मुक्ताकाकू दारातूनच म्हणाल्या, "लेकरू हाय ते. जिथलं तितं ठिवा जा." तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मी म्हटलं.

७ फेब्रुवारी

हाडाचा पातळ काप घेतला. वाढ पूर्ण झाली की कडेला रेषा दाटतात. इथे दाटलेल्या नाहीत. वरची नोंद खोडली. पिल्लू आहे. जात मोठी असणार.

करवत थांबवून बाहेर पाहिलं, तर गोठ्यातल्या सगळ्या म्हशी फडाकडे तोंड करून उभ्या. वैरण तशीच पडलेली.

८ फेब्रुवारी

बांधालगतच्या उसाचे शेंडे खाल्लेले. रानडुकरं बुडखा खातात. हे वरून खाल्लं आहे. हिंदुराव म्हणाले, डुक्कर शिडी घेऊन आलं जणू. कोणी हसलं नाही.

९ फेब्रुवारी

जबड्याच्या दातांत उसाचा चोथा. ओला. पेटीला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे.

हाडाचा कापलेला भाग भरून आला आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

हिंदुराव सकाळी मोटर चालू करायला फडात गेले. अजून आले नाहीत. मुक्ताकाकू बांधावरून हाका मारतायत. वारा नाही. ऊस आडवा होत येतोय — एका रेषेत — या खोलीकडे.

काकू म्हणतात, पेटी विहिरीत सोडा, म्हणजे फडातली ती माझा माणूस सोडंल. सरांचा फोन लागत नाही. निरोप इथेच लिहून ठेवते —

सर, पेटी परत ठेवायची परवानगी हवी. उद्या, मंगळवारपर्यंत कळवा.

नाही. उद्या नाही. पेटी उचलली — खिडकीतला उजेड गेला — दुपारीच —

सर, पिल्लू शेळीएवढं. आई केव—